वेगळी संस्था कशाला, असं विचारणाऱ्या दादांना

आज आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससाठी मदतीचं आवाहन टाकलं. घरातल्या अत्याचारातून सुटू पाहणाऱ्या आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना आधार देणारी ही लंडनमधली संस्था. लगेच एका दादांचं उत्तर, "आपल्या बायकांसाठी वेगळी संस्था कशाला? अत्याचार तो अत्याचार." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

दादा, २००८ साली ईलिंग कौन्सिल, म्हणजे साउथॉल ज्यात येतं ती लंडनची स्थानिक पालिका, हेच म्हणत होती. सगळ्या बायकांसाठी एकच सेवा, म्हणून सिस्टर्सचा निधी बंद. १९७९ पासून झगडणाऱ्या या बायका हायकोर्टात गेल्या आणि सुनावणी चालू असतानाच कौन्सिलला माघार घ्यावी लागली. पुढे २०१० पासून सरकारची काटकसर सुरू झाली आणि अशा संस्थांवर टांगती तलवार कायमचीच आली.

काही वर्षांपूर्वी एका कौन्सिलच्या काउंटरवर मी दुभाषी म्हणून गेले होते. साताऱ्याकडची पोरगी, नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेली, कडेवर लेकरू. पासपोर्ट नवऱ्यानं लपवलेला, हातात नुसती झेरॉक्स. काउंटरवरच्या बाईंनी व्हिसावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: सरकारी मदतीचा हक्क नाही. ते मराठीत मला सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग ताई, रात्री जाऊ कुठं?"

रेफ्यूजमधल्या, म्हणजे अत्याचारातून पळालेल्या बायकांच्या आसरागृहातल्या, खोलीचं भाडं बहुतेक वेळा हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून जातं. तो हक्कच नव्हता, म्हणून खोली रिकामी असली तरी तिला दार बंद. तुमच्या "सगळ्यांसाठी एकच" सेवेत ही पोरगी कुठं बसते, सांगा ना!

पैसे कमी असताना कुणाला किती द्यायचं हा प्रश्न अवघड आहे, मान्य. पण दर वेळी कात्री आधी हिच्यावरच का?

त्या दिवशी सिस्टर्समधल्या बाईंनी फोनवर आधी विचारलं, लेकरू जेवलंय का? मग व्हिसा कुठला ते. संध्याकाळपर्यंत मायलेकरांची सोय लागली. २०१२ साली, ऐन काटकसरीत, याच बायकांच्या रेट्यामुळे स्पाउस व्हिसावर, म्हणजे इथं कायम राहणाऱ्या माणसाची बायको म्हणून, आलेल्या पीडित बायकांना तीन महिने सरकारी मदत मिळायला लागली. साताऱ्याची पोरगी मात्र त्यातही बसत नव्हती, कारण नवरा वर्क व्हिसावर. म्हणून त्या पुढेही भांडत राहिल्या.

दादा, तुमच्यावर राग नाही आता. तुम्ही त्या काउंटरवर कधी उभे राहिला नाहीत, एवढंच. गणपतीची वर्गणी याच ग्रुपवर एका संध्याकाळी जमते. हीही जमेल. लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे.