'सरळ लटकवा' म्हणणाऱ्यांना

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी फर्मान काढलं, 'खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं ना? मग अपील कसलं करता? सरळ लटकवा.' खाली अंगठ्यांची रांग. त्यात दोन निवृत्त शिक्षक. डोकंच फिरलं.

आमचे धाकटे मामा तालुक्याच्या एका पतपेढीत कारकून होते. अपहाराचा आळ आला, खालच्या कोर्टाने दोन वर्षं ठोठावली. जामिनावर सुटून अपील केलं तेव्हा भावकीतलेच म्हणाले, 'चोर नसता तर शिक्षा झाली असती का?' लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. आजीच्या पाटल्या वकिलाच्या फीपायी गेल्या.

नाशिकचं प्रकरण आठवतं का कुणाला? जून २००३. एका झोपडीवर रात्री हल्ला, पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले, सहाही जणांना फाशी. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही पुन्हा फाशीच सुनावली. घ्या, झालं की शेवटच्या पायरीपर्यंत! आता तरी लटकवायचं ना?

नशीब, लटकवलं नाही. फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विचार याचिका खुल्या कोर्टात ऐकायच्या, असा निकाल २०१४ मध्ये आला आणि हे प्रकरण पुन्हा उघडलं. तेव्हा दिसलं काय, तर हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच नाही! ५ मार्च २०१९ ला सहाही निर्दोष. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

मामांचंही हेच. ज्या तारखेच्या पावतीवरून शिक्षा झाली त्या दिवशी ते रजेवर होते. हजेरीचं रजिस्टर खटल्याच्या कागदांतच पडलेलं, लाल शाईत 'रजा' लिहिलेलं. खालच्या कोर्टात कुणी ते पान उलटलंच नाही. अपिलात एका तरुण वकीलबाईंनी उलटलं.

हो, मान्य आहे, पैसेवाले अपिलावर अपील करून वर्षानुवर्षं मोकळे फिरतात. त्यांना आवळा की. पण त्यांच्यावरचा राग फुकटचा वकील मिळालेल्या मजुरावर का काढता?

आणि नाशिकच्या हल्ल्यातून वाचलेल्या त्या बाई. त्यांचा विचार मनातून जात नाही. घरातली माणसं गेली, सोळा वर्षं गेली आणि शेवटी कळलं की गुन्हेगार हे नव्हतेच. त्यांना न्याय मिळाला का? नाही. पण तो त्या सहा जणांना लटकवून मिळाला असता, असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी काय बोलायचं मला कळत नाही.

कोर्टाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षांनी भागा, महिन्याचे सव्वीसशे पडतात. मामांना तेवढेही नाहीत. थकलेल्या पगारासाठी वेगळा दावा लावा, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. मामांनी हात जोडले.

आणि हो, खाली 'तुमच्या घरात असं घडलं असतं तर?' असं लिहिणार असाल तर घडलंय. वर वाचा.