क्लिक करा, निर्धास्त राहा

अभिनंदन, डॉक्टर! तुमच्या रुग्णालयातल्या नोंदी संगणकावर आल्या. डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरावरचे विनोद आता कालबाह्य झाले. यापुढे चुका स्वच्छ, ठळक आणि सुवाच्य अक्षरांत होतील.

पहिली सोय म्हणजे कॉपी-पेस्ट. रुग्णाला रोज तपासणं भाग असेलही, पण नोंद रोज नव्याने लिहा असं कुठे म्हटलंय? कालची उचला, आज चिकटवा. ज्याचा उजवा पाय परवा कापला, त्याच्या ‘दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित’ आठवडाभर लागत राहतील. नोंद मात्र कशी भरगच्च दिसेल!

मग पडद्यावर येतात संगणकाचे इशारे. ते वाचत बसू नका. किरकोळ सूचना आणि जिवावर बेतणारा डोस, दोन्हींसाठी तीच चौकट, तोच रंग आणि तेच ‘पुढे जा’चं बटण. पाळीत इतक्या चौकटी येतात की बोट आपोआप तिकडे जातं. (ते बोटच पुढे साक्षीला येतं, पण ते नंतर बघू.) २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात १६ वर्षांच्या एका मुलाला सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० हा आकडा भरला, पण रकान्यातलं एकक ‘मिलिग्रॅम’ नव्हतं, ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ होतं. संगणकाने इमानेइतबारे मुलाच्या वजनाने गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्या काढल्या. इशारा आला, डॉक्टरांनी बाजूला सारला. फार्मासिस्टला आला, त्यांनीही सारला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजल्या. नर्सला शंका आली, पण बारकोडने ग्वाही दिली की ऑर्डर हीच आहे. गोळ्या पोटात गेल्या. मुलाला जोरदार फिट आली. सुदैवाने तो वाचला. एवढ्या साखळीत ज्याला शंका यायला हवी होती त्या प्रत्येकाची शंका संगणकाने मिटवली, याहून चांगली सेवा कोणती?

सॉफ्टवेअर प्रमाणित आहे ना, एवढंच बघा. प्रमाणपत्रावर शंका घेणं शोभत नाही. अमेरिकेतल्या ई-क्लिनिकल-वर्क्स या कंपनीवर तिथल्या न्याय खात्याचा आरोप होता की प्रमाणनाच्या चाचणीत जे १६ औषध-संकेतांक विचारले जाणार होते, तेवढेच तिने सॉफ्टवेअरमध्ये थेट टाकून ठेवले. संपूर्ण यादीतून कुठलंही औषध शोधायची सोय करण्यापेक्षा हे सोपं. चूक मान्य न करता कंपनीने २०१७ मध्ये १५.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री आपणही याहून वेगळं काय केलं होतं?

खरेदीचा करारही वाचू नका. ‘अंतिम वैद्यकीय निर्णय वापरकर्त्याचा’ अशा अर्थाचं कलम त्यात कुठेतरी असतंच, आणि काही करारांत तर सॉफ्टवेअरमुळे झालेल्या नुकसानीची झळ विक्रेत्याला लागू नये, अशीही तजवीज असते. त्याचं काम ऑर्डर पोचवण्याचं, ती चुकली तर जबाबदार तुम्ही. एकक आधीच कुणी निवडून ठेवलं, दोन सारख्या नावांची औषधं यादीत एकाखाली एक कुणी मांडली, हे प्रश्न न्यायालयात विचारायला गेलात तर आधी तुमच्या क्लिकबद्दल बोलावं लागेल.

शेवटी, प्रकरण अंगाशी आलं तर घाईने नोंद सुधारायला बसा. संगणक काही विसरत नाही, हे आपण विसरायचं. कोणता अहवाल कधी उघडला, कधी बंद केला, मूळ मजकूर काय होता आणि दुर्घटनेनंतर किती वाजता बदलला, सगळं मागच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत, वेळेसकट बसलेलं असतं. ‘तो इशारा तुम्ही दोन सेकंदांत का बंद केला?’ असं वकिलांनी विचारलं, तर सांगा की त्या पाळीत तसे ढीगभर आले होते. पटणार नाही. मग लॉग मागवा. त्यात ते सगळे ढीगभर इशारे सापडतील, आणि प्रत्येकासमोर तुमचंच नाव असेल.