‘परखड’ यांना उत्तर : रकाना कोणाचा, नाव कोणाचं

परखडराव,

(टोपणनाव तुमचं, ‘राव’ माझ्या पदरचं.) अमेरिकन जनगणनेसाठी ठरलेल्या ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ या नव्या रकान्यावर मी लिहिलं, की अरब म्हणजे मुसलमान असं नव्हे. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अरब आणि मुसलमान यांत फरक करणं म्हणजे शब्दांचा कीस, अरबांना वेगळा रकाना म्हणजे फुकटचे लाड, आणि ‘आपल्या लोकांनी इथे कधी असलं काही मागितलं नाही’. वर सल्ला, की एकदा डिअरबॉर्नला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या अरब वस्तीच्या गावाला, जाऊन या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही सपशेल चुकलात. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना ‘गोरे’ धरलं होतं. हो, आपल्यालाच! साठच्या दशकाच्या शेवटी आलेले आपले डॉक्टर, इंजिनिअर सगळे कागदोपत्री गोरे. मग इथल्या भारतीय संघटनांनी खटपट केली, तेव्हा कुठे १९८० साली ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. आज आपण डोळे झाकून खूण करतो तोच. मागितला म्हणून मिळाला.

त्याआधीची कथा तर याहून गमतीची. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा धर्म नव्हताच, वंश होता. कॅलिफोर्नियात शेतात राबणारे पंजाबी बहुतेक शीख, काही मुसलमान. नोंद मात्र सरसकट ‘हिंदू’. भगतसिंग थिंद हे शीख, अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. १९२३ साली त्यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते गोरे नाहीत असं ठरवलं, आणि त्या निकालात त्यांचा उल्लेख आहे ‘उच्चवर्णीय हिंदू’ असा. आता ‘शीख काय नि हिंदू काय, शब्दांचा कीस’ हे अमृतसरच्या बाजारात म्हणून बघा.

अरबांचंही त्याच कायद्यापायी असंच झालं. नागरिकत्व मिळवायचं तर गोरं असावं लागे (१८७० नंतर आफ्रिकी वंशाचं असलं तरी चाले). १९१५ साली जॉर्ज डाउ या सीरियन माणसाला अपिलात ‘गोरा’ ठरवून घ्यावं लागलं. १९४२ साली डेट्रॉइटमध्ये अहमद हसन या येमेनी मुसलमानाचा अर्ज फेटाळताना न्यायाधीशांनी रंगाबरोबर धर्मही काढला. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्या एका अरब मुसलमानाला तेच नागरिकत्व मिळालं. कायदा तोच, न्यायाधीश वेगळा! वंशाची ही अट १९५२ मध्ये गेली, पण ‘गोरे’ हा शिक्का राहिला. आजोबांनी कोर्टात झगडून मिळवलेला रकाना नातवाच्या काही कामाचा नाही. गोऱ्यांतच मोजले गेल्यामुळे अरबांत कुठला आजार किती, शाळेत अरबी जाणणारा शिक्षक कुठे हवा, याचे वेगळे आकडेच निघत नाहीत. लाड म्हणता ते हे. मार्च २०२४ मध्ये वंशाच्या नोंदीसाठी निघालेल्या केंद्रीय मानकात (जनगणनाही तेच पाळते) ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ हा रकाना आला. त्यात उदाहरणादाखल दिलेत लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सीरियन, इराकी आणि इस्रायली. यात धर्म कुठे शोधायचा, तुम्हीच सांगा.

एक चूक मात्र माझी. ‘अमेरिकेतले अरब प्रामुख्याने ख्रिस्ती’ असं मी बेधडक लिहून गेले. ते १९२४ च्या आधी आलेल्यांना लागू, सगळ्या काळाला नाही. डिअरबॉर्नचं चित्र निराळं आहे: फोर्डच्या कारखान्याने ओढलेले पहिले लोक, १९७५ नंतर यादवीतून निसटलेले दक्षिण लेबनॉनचे शिया, येमेनी, आखाती युद्धानंतरचे इराकी. २०२० च्या जनगणनेत गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मोकळ्या जागेत आपलं मूळ मध्यपूर्वेतलं किंवा उत्तर आफ्रिकेतलं लिहिलं. अब्दुल्ला हमूद २०२१ मध्ये महापौर म्हणून निवडून आले, ते अरबही आणि मुसलमानही. वाक्य दुरुस्त केलंय, आभार.

पण याच डेट्रॉइट परिसरात स्टर्लिंग हाइट्सकडे या. तिथले खाल्डियन इराकचे, पंथाने कॅथलिक, घरात अरामेइक बोलणारे. त्यांतल्या कित्येकांना अरब म्हटलेलं खपत नाही. एकाच देशातून आलेले शेजारी आणि तरी हा प्रकार. तुमच्या समीकरणात ते कुठे बसवायचे?

रस्त्यावर असला कीस कोणी काढत नाही, हेही खरंच म्हणा. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावात पेट्रोल पंपाच्या मालकाला एकाने गोळ्या घातल्या. अरब समजून, मुसलमान समजून. तो पगडीवाला शीख होता.

राहिला डिअरबॉर्नचा सल्ला. अहो, मी अर्ध्या तासावर राहते. वॉरन ॲव्हेन्यूवर मनाकीश आणायला महिन्यातून दोनदा जाते. झातर हा मसाला पसरलेल्या त्या गरम भाकरीपुढे आमच्याकडे पिझ्झा हद्दपार झालाय. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या काकांनी विचारलं, ‘हिंदी?’ मी बाणेदारपणे म्हटलं, ‘नाही, मराठी.’ ते नुसते हसले. अरबीत ‘हिंदी’ म्हणजे भारतीय, हे मला पुढे कधीतरी कळलं.