वक्ता नंतर, विषय आधी

'साहित्य मंडळांच्या मासिक व्याख्यानांना श्रोते येत नाहीत' हे एका लेखातलं निरीक्षण खरं, पण खापर वाचकांवर फोडलंय ते पटलं नाही. बहुतेकदा निमंत्रणच ढिसाळ असतं. 'साहित्याविषयी काहीही बोला' म्हटलं की पाहुणे आठवणींत रमतात आणि लिहिणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. नेमकं मागा: कथेतले संवाद, हस्तलिखिताचं संपादन, प्रकाशकाच्या करारातली रॉयल्टीची कलमं. दीड महिना आधी पत्र, आठवडाभर आधी फोन. पत्रातच वेळ, अंदाजे श्रोते, मानधन आणि प्रवासखर्च लिहा (मानधनाचा विषय टाळणं हा आपला जुना रोग). भाषण ४० मिनिटं, प्रश्नोत्तरं ३०. पहिले २-३ प्रश्न सभासदांकडून आधीच लिहून घ्यावेत, नाहीतर माईक हाती येताच कुणीतरी स्वतःची कविता सुरू करतो. प्रास्ताविक, परिचय, पुष्पगुच्छ सगळं १० मिनिटांत. मुंबईत रविवार टाळाच. मेगाब्लॉकमध्ये (रेल्वेची दुरुस्ती, गाड्या कमी किंवा बंद) पाहुणेच अडकतात. शनिवारी संध्याकाळी दादर बरं, पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्हीकडून थेट गाडी. हार्बर मार्गावरच्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, म्हणून साडेसहाच्या आत सुरू करू नका. आणि ऐनवेळी पाहुणे आले नाहीत तर? एका सभासदाची कथा चर्चेसाठी तयार ठेवा, प्रतींसकट.