दाराबाहेरचे दोन ओटे

इराणमधल्या यझदचे फोटो टाकले की सगळे बादगीर बघून लाइक करतात, म्हणजे वारा पकडून खाली घरात सोडणारे ते उंच मनोरे. भारीच आहेत, वादच नाही. पण मी तिथे जे बघत उभी राहिले ते जेमतेम गुडघ्याएवढं उंच होतं. जुन्या घराचं दार गल्लीपासून जरा आत घेतलेलं असतं आणि तिथे दोन्ही बाजूंना बसायला विटांचे ओटे. पीरनशीन म्हणतात त्याला. म्हातारं माणूस चालून दमलं, कुणाला कुणाची वाट बघायचीय, किंवा आलेल्याला आत नाही घ्यायचं पण चार शब्द तर बोलायचेत, बसा मग तिथे.

आणि गंमत म्हणजे हीच घरं बाहेरून एकदम बंद. रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच, दार सताड उघडलं तरी अंगण दिसत नाही कारण आधी हश्ती नावाची छोटी घुमटाची खोली लागते आणि तिथून बोळ वळून आत जातो. दारावर कड्यासुद्धा दोन, पुरुषांनी वाजवायची वेगळी, बायकांनी वाजवायची वेगळी, आवाज ऐकून आतल्यांनी ठरवायचं उघडायला कोण जाणार. इतकी प्रायव्हसी सांभाळणारे लोक स्वतःच्या जागेतली दोन हात जागा रस्त्याने जाणाऱ्याला देऊन टाकतात!

आमच्याकडे उलटं आहे. समोरच्या बिल्डिंगच्या हॉलमधला टीव्ही मला माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून दिसतो, कोण कधी भांडतं ते पण कळतं, पण गेटबाहेर दोन बाकं टाकू या म्हटलं तर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, "डिलिव्हरीवाले येऊन बसतील, मग?" अहो बसू देत की, त्यासाठीच तर टाकायचीत!

हल्ली प्रत्येक ब्रोशरमध्ये "कम्युनिटी लिव्हिंग" असतं. क्लबहाउस, मल्टिपर्पज हॉल, योगा डेक, आणि सगळ्याला कुलूप, किल्ली ऑफिसमध्ये, बुकिंग ॲपवर. मला वाटतं शेजार असा वेगळा हॉल बांधून होत नाही, रोजच्या जाण्यायेण्यात माणूस दोन मिनिटं थांबेल अशी जागा लागते, आणि तिथे त्याला आपलं काहीतरी काम लागतं, सावली, पाणी, टेकायला काहीतरी.

यझदचे साबात बघा. अरुंद गल्लीवर कमान टाकून वरून झाकलेला तुकडा. दोन्ही बाजूच्या मातीच्या भिंतींना त्याने एकमेकींचा आधार मिळतो, काही ठिकाणी कमानीवर खोली काढलेली असते ती घरवाल्याला वापरायला, आणि चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात खाली चालणाऱ्याला सावली फुकट. कुणी कुणावर उपकार करत नाहीये, सगळ्यांचाच फायदा आहे, म्हणून टिकलं ते. काही गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून माणूस आला तर अंग चोरूनच जावं लागतं, त्यांना आश्ती-कोनान म्हणजे समेटाच्या गल्ल्या म्हणतात, भांडलेले दोघं समोरासमोर आले की बोलल्याशिवाय सुटका नाही म्हणून. (आमच्या लिफ्टमध्ये हे होत नाही. तिथे सगळे मोबाइल बघतात.)

पाण्याचंही तसंच. कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, झार्चची कनात तर सत्तर किलोमीटरच्या वर लांब आहे आणि यझदच्या जामा मशिदीखालून जाते, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. मोहल्ल्यातली सार्वजनिक टाकी म्हणजे आब-अंबार, ती बऱ्याचदा कुणा पैसेवाल्याने वक्फ म्हणून बांधून दिलेली. घागर घेऊन जिना उतरायचा, खाली गारवा, गप्पा होणारच.

पण इथेच माझं घोडं अडतं. यझदमधल्या काही आब-अंबारांना जिने दोन आहेत, एक मुसलमानांसाठी आणि एक झरथुष्ट्रींसाठी, म्हणजे आपल्या पारशांच्याच धर्माच्या लोकांसाठी. टाकी एक, पाणी एक, उतरायची वाट वेगळी! याच शहरात झरथुष्ट्री लोकांना जिझिया होता, गावातून घोड्यावर बसून जायची बंदी होती. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली तेव्हा कुठे 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. आपण ज्या इराण्याकडे बनमस्का खातो त्यातल्या बऱ्याच जणांचे आजे-पणजे याच यझद आणि केरमानकडून आलेले, काही दुष्काळाला कंटाळून, काही या जाचाला. तेव्हा "पर्शियन शेजारधर्म" वगैरे लिहिताना हा दुसरा जिना पण लिहायला पाहिजे.

आणि लगेच हसायचं कारण नाही आपल्याला. पुण्यात कितीतरी टॉवरमध्ये कामवाल्या मावशींना सर्व्हिस लिफ्टनेच जा म्हणतात, तशी पाटीच असते. इमारतीचा नकाशा काढतानाच कुणीतरी ठरवलेलं असतं ना शेजारी कोण आणि कोण नाही ते.

म्हणून मला ते बादगीर कॉपी केलेले नकोत. एका नव्या प्रोजेक्टच्या एंट्रन्सला खोटा बादगीर पाहिलाय, आत एसीचं आउटडोअर युनिट! मला हवंय ते एवढंच: कंपाउंड वॉलचा थोडा भाग आत घ्या, तिथे बाहेरच्या बाजूला ओटा बांधा, वर पत्रा नाही तर झाड, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ. आणि लिफ्टवरची ती पाटी काढा, त्याला तर खर्च पण नाही. दादरच्या पारशी कॉलनीला चारी बाजूंनी कुंपणाची भिंतच नाही, फाइव्ह गार्डन्समध्ये कुठलंही पोर येऊन खेळतं, तिथल्या लोकांचं काही बिघडलं असं ऐकलं नाही बुवा.

सोसायटीच्या एजीएमला ओट्याचा विषय परत टाकलाय. ग्रुपवर एका काकांचा मेसेज आलाय, "आधी सीसीटीव्हीचं बघा." बरं काका, ओट्यावर पण लावू एक.