संशय घ्या, पण अ‍ॅडॉप्टरवर

घरी स्टिरिओ लावायला निघालेल्याला हमखास एक सल्ला मिळतो: डिजिटल अ‍ॅम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरच्या, नादी लागू नका. तो संगीताचे तुकडे करतो, आवाज कर्कश येतो, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका, म्हणजे आत काही नाही, आणि खोक्यावरचे वॉट खोटे. त्यापेक्षा जड ट्रान्स्फॉर्मरचा जुना अ‍ॅम्प बरा. यातला शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, कर्कशपणाचा अर्धा मान्य आहे. बाकीचे दोन टिकत नाहीत.

आधी तुकड्यांचं बघू. बाजारात ज्याला डिजिटल म्हणतात तो बहुतेक वेळा क्लास डी अ‍ॅम्प असतो, आणि बहुतेकांत सिग्नलचे आकडे होतच नाहीत. ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी किती काळ चालू राहायचं ते सिग्नल ठरवतो. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये सर्रास दिसणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए3116 ही आयसी (चिप) 400 किलोहर्ट्झ ते 1.2 मेगाहर्ट्झ या वेगाने हे करते. आपला कान 20 किलोहर्ट्झपाशी थांबतो. शिवाय बाहेर पडण्याआधी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर हा वेग गाळून टाकतो, त्यामुळे स्पीकरला मिळते ती अखंड लहरच. (तुकड्यांची भीती घालणाऱ्यांचं स्वतःचं गाणं बहुधा फोनवरून ब्लूटूथने, म्हणजे आकड्यांच्याच रूपात, येत असतं, पण ते असो.) मध्यम लहरीचा रेडिओ शेजारी ठेवलात तर त्यात खरखर येऊ शकते, ही तक्रार मात्र खरी.

कर्कशपणाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. वर म्हटलेला फिल्टर स्पीकरच्या ओहमप्रमाणे, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याप्रमाणे, वागणूक बदलतो. स्वस्त रचनेत अ‍ॅम्प स्वतःची चूक सुधारण्यासाठी जो सिग्नल परत घेतो (फीडबॅक), तो फिल्टरच्या आधीच घेतो. मग फिल्टरने काय घोळ घातला ते त्याला कळतच नाही. तोच अ‍ॅम्प 4 ओहमच्या स्पीकरवर वरचे सूर किंचित दाबतो आणि 8 ओहमच्या स्पीकरवर उचलतो. अगदी वरच्या टोकाला एक-दोन डेसिबलचा फरक पडतो. ट्वीटरचे, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचे, ओहम वर चढत जात असतील तर झांज जास्तच झणझणते. म्हणून एक जण म्हणतो आवाज दबका, दुसरा म्हणतो टोचरा, आणि दोघंही खरं बोलत असतात. पण हा दोष क्लास डी या जातीचा नाही, त्या रचनेचा आहे. फिलिप्समध्ये असताना अभियंते ब्रुनो पुट्झेस यांनी यूसीडी नावाची रचना केली, तिच्यात सुधारणेचा सिग्नल फिल्टरच्या नंतर घेतला जातो. तीच दिशा त्यांनी पुढे हायपेक्स कंपनीच्या एनकोर आणि प्युरिफाय कंपनीच्या आयगनटाक्ट मॉड्यूलमध्ये नेली. एनएडीसारखी जुनी कंपनी आपल्या एम33 या महागड्या अ‍ॅम्पमध्ये प्युरिफायची रचना वापरते. तेव्हा दुकानात विचारायचं ते हे: फीडबॅक फिल्टरच्या आधी की नंतर? आता काही स्वस्त अ‍ॅम्पही नंतरचा देतात.

वजनाचा मुद्दा चटकन संपतो. जुन्या धाटणीच्या, क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्पची कार्यक्षमता आदर्श स्थितीत, पूर्ण जोरात, 78.5 टक्क्यांच्या पुढे जात नाही. घरातल्या हळू आवाजात ती फारच खाली असते. उरलेली वीज तापण्यात जाते, म्हणून ते मोठे हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे-पट्टे. क्लास डी पूर्ण ताकदीजवळ 90 टक्क्यांच्या आसपास असतो. तो फारसा तापत नाही तर मोठा हीटसिंक कशाला हवा? आणि लोखंडी ट्रान्स्फॉर्मरची जागा एसएमपीएसने, म्हणजे मोबाइल चार्जरसारख्या हलक्या वीजपुरवठ्याने, घेतली, की उरलेलं वजनही गेलं.

आता वॉट. पीएमपीओचे, म्हणजे फुगवून सांगितलेल्या कमाल ताकदीचे, हजार वॉट छापलेले टू-इन-वन ज्यांनी पाहिलेत त्यांना नवल वाटणार नाही. टीपीए3255 या आयसीचा 315 वॉटचा आकडा निर्मात्यानेच दिलेला आहे, पण तो 4 ओहमवर, 50 व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर, आणि 10 टक्के विकृती, म्हणजे आवाजातली मोडतोड, चालवून घेतली तर. एवढ्या विकृतीत गाणं ऐकवत नाही. तोच आकडा खोक्यावर जातो आणि आत 32 व्होल्ट, 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर निघतो. म्हणजे भिंतीतून येणार एकूण 160 वॉट, दोन्ही बाजूंना मिळून.

एका स्पीकरला कमाल किती वॉट मिळतील ते घरीच काढता येतं. व्होल्टचा वर्ग करा, ओहमच्या दुपटीने भागा. 32 व्होल्ट, 8 ओहम: 1024 भागिले 16, म्हणजे 64 वॉट. 48 व्होल्टला 144. आणि 12 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर फक्त 9, मग खोक्यावर 50 लिहिलेलं असो की 500. हे तोटा न धरता. प्रत्यक्षात थोडं कमीच. म्हणून माझ्या मते आयसीच्या नंबरापेक्षा अ‍ॅडॉप्टरचं लेबल आधी वाचावं.

तरी 64 वॉट कमी नाहीत. 86 डेसिबल संवेदनशीलतेचा साधा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर 86 डेसिबल देतो, जो दिवाणखान्यात गप्पा बंद पाडायला पुरेसा आहे. 64 वॉटवर तो 104 पर्यंत जातो. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, त्यामुळे 64 ऐवजी 128 साठी जास्त पैसे मोजण्याआधी खोली किती मोठी आहे ते बघा.

एक धोका मात्र या सल्ल्यात कुणी सांगत नाही. यातल्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची काळी वायरही जिवंत असते, ती जमिनीला जोडलेली नसते. जुन्या घरात दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून तीनच तारा भिंतीतून ओढलेल्या असतात. तशा जोडल्या तर आयसी जळू शकते. चौथी तार ओढा, मगच अ‍ॅम्प चालू करा.