उष्णता दिली नाही, तरी एन्ट्रॉपी वाढते

परीक्षा जवळ आली की बीएस्सीच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्यात तीन ‘नियम’ असतात: वायूला उष्णता दिली नाही तर एन्ट्रॉपी (ऊर्जा आणि रेणू किती विखुरलेले आहेत याचं माप) बदलत नाही, वायू पसरला की काम करतो, म्हणून थंड होतो, आणि ऊर्जा, एन्ट्रॉपी व दाब यांना जोडणारं समीकरण फक्त रिव्हर्सिबल (अतिसंथ, तशीच उलट फिरवता येणाऱ्या) प्रक्रियेला चालतं. तिन्ही चूक आहेत, आणि पाठ करणाऱ्या मुलांचं त्यात खरंच नुकसान होतं.

दुसऱ्यापासून सुरू करतो. १८४५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूलने तांब्याची दोन भांडी नळीने जोडून पाण्यात ठेवली. एकात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा, दुसरं रिकामं. तोटी उघडली, पाण्याचं तापमान बदललं नाही. समोर ढकलायला काहीच नव्हतं, मग काम कशावर होणार? भांडी वेगवेगळ्या पाण्यात ठेवली तेव्हा मात्र एकीकडचं पाणी गार झालं आणि दुसरीकडचं तेवढंच तापलं, कारण मागे राहिलेली हवा पुढच्या हवेला ढकलत होती. मेसेज लिहिणाऱ्याने यातली अर्धीच गोष्ट उचलली असावी. (खऱ्या वायूत रेणूंच्या आकर्षणामुळे किंचित गारवा येतो, पण तो वेगळा मुद्दा.)

आता मेसेजमधला पहिला ‘नियम’. उष्णता भागिले तापमान म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, हे फक्त रिव्हर्सिबल वाटेवर खरं. पण एन्ट्रॉपी वाटेवर नव्हे, स्थितीवर ठरते. म्हणून तोटी उघडून दुप्पट जागेत पसरलेल्या एक मोल आदर्श वायूसाठी (ज्याच्या रेणूंमध्ये आकर्षण नाही असं मानतात) आपण दुसरी, संथ, समतापी (तापमान स्थिर ठेवणारी) वाट निवडायची. हिशोब येतो ८.३१४ गुणिले २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ५.७६ जूल प्रति केल्विन. दिलेली उष्णता मात्र शून्य.

तिसऱ्यात सगळा घोळ आहे. समीकरण असं:

ऊर्जेतला बदल = तापमान × एन्ट्रॉपीतला बदल − दाब × आकारमानातला बदल

यातली प्रत्येक राशी स्थितीची आहे, त्यामुळे ते समतोलातल्या कुठल्याही दोन लगतच्या स्थितींना लागू पडतं. पसरण्याच्या धांदलीत वायूला एकच दाब नसतो, हे मान्य; पण आरंभ आणि शेवट समतोलाचे आहेत, आणि त्यांच्यामधली वाट आपण निवडू शकतो. वरच्याच एक मोल वायूसाठी, ३०० केल्विनला, त्या वाटेवर उजवीकडचं प्रत्येक पद एकूण सुमारे १,७३० जूल भरतं, आणि दोन्ही एकमेकांना रद्द करतात. जूलच्या भांड्यात पहिलं पद उष्णता नव्हे, दुसरं काम नव्हे. रिव्हर्सिबल वाटेवरच त्यांना ती नावं मिळतात.

ऊर्जा स्थिर धरा: दाब भागिले तापमान म्हणजे आकारमानागणिक एन्ट्रॉपी वाढण्याचा दर. एक मोल आदर्श वायूसाठी तो दर वायू-स्थिरांक भागिले आकारमान इतका असतो. दोन्ही समान मांडून पाहा, शाळेतलं आदर्श वायूचं समीकरण समोर येतं.